डॉक्टर हॉवर्ड सॉमरव्हेल : एव्हरेस्टचा चढ आणि नेय्यूरचे इस्पितळ

तिबेटातील उंच घाट ओलांडणाऱ्या वाटसरूंस फार प्राचीन काळापासून ठाऊक होते की, एका ठराविक उंचीच्या वर गेल्यावर धडधाकट मनुष्याचेही डोके ठणकू लागते, अन्न नकोसे होते, ओकारी येते, व दोन पावले टाकताच धाप लागते. त्याचे कारण मात्र त्यांस कळत नव्हते. घाटमाथ्यावर जमिनीतून विष निघते असे तिबेटी लोक म्हणत. हिमालयातील पहाडी लोक कोणत्या तरी फुलाच्या अथवा मुळीच्या वासाने तेथला वारा विषारी होतो असे समजत. आपल्या खेड्यांतूनही ज्या दुखण्याचे मूळ सापडत नाही त्यास कोणी बाधा म्हणतो, कोणी नजर म्हणतो. तेव्हा त्या लोकांस हसण्याचा अधिकार आम्हांस फारसा नाही. खरी गोष्ट अशी की, तेथल्या हवेत विषारी असे काही जास्त नसते, तर एक वस्तू उणी असते. आणि ती वस्तू म्हणजे प्राणवायू. हे उणेपण ज्यांनी आपल्या देहावर मृत्यूच्या उंबरठ्यापर्यंत अनुभवले, आणि ज्यांच्या आयुष्याची उरलेली बहुतेक वर्षे आपल्याच देशातील गोरगरिबांच्या खाटांपाशी गेली, अशा एका मिशनरी डॉक्टरांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

थिओडोर हॉवर्ड सॉमरव्हेल यांचा जन्म १६ एप्रिल १८९० रोजी इंग्लंडच्या उत्तर भागातील केंडल या गावी झाला. त्यांच्या घराण्याचा जोडे तयार करण्याचा मोठा कारखाना होता. चामड्याच्या धंद्यावर वाढलेले हे कुटुंब आपल्या गावी मानाचे व देवभीरू म्हणून प्रसिद्ध होते. ज्या देशात हाच धंदा करणाऱ्यास वेशीबाहेर ठेवण्यात आले त्या देशाच्या वाचकांस ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. केंडलच्या आसपास डोंगर व तळी पुष्कळ, त्यामुळे चढण्याचा नाद त्यांस लहानपणीच लागला. केंब्रिज येथे सृष्टिशास्त्राच्या दोन्ही परीक्षांत ते पहिल्या वर्गात आले, व पुढे लंडन येथे वैद्यकी शिकून शस्त्रवैद्य झाले. चित्रकला व संगीत ही त्यांची आणखी दोन व्यसने. एका मनुष्यास देवाने इतके गुण एकदम का द्यावेत असे वाटण्याजोगेच हे आहे.

मग पहिले महायुद्ध आले. १९१६ च्या जुलैत फ्रान्समध्ये सोम नदीकाठी जी लढाई झाली तीत ते सैन्याच्या दवाखान्यात शस्त्रवैद्य होते. तंबूंभोवतीचे सगळे शेत जखमी शिपायांच्या डोल्यांनी भरून गेले होते, आणि त्यांस हात लावणारे डॉक्टर मूठभर. कोणास अगोदर घ्यावे व कोणास तसेच राहू द्यावे हे डॉक्टरांनी क्षणात ठरवायचे. त्या पडलेल्या माणसांतून जाताना सॉमरव्हेल यांस दिसले की, आपणांस पहिल्याने घ्या असे एकही जण म्हणत नाही. हे दृश्य ते जन्मभर विसरले नाहीत. युद्धाचा त्यांस कायमचा तिटकारा आला. आणि आमच्या समजुतीप्रमाणे त्यांच्या पुढील सर्व आयुष्याचे बी त्या शेतात पडले.

१९२२ साली जनरल ब्रूस यांच्या हाताखाली एव्हरेस्टवर जी मंडळी गेली तीत बत्तीस वर्षांचे सॉमरव्हेल होते. एव्हरेस्टची उंची २९,०३२ फूट. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते सुमारे ५,४०० फूट. अशी पाच कळसूबाई एकावर एक रचली तरी एव्हरेस्टचा माथा वर उरतोच. येथे हवेचा प्रकार समजून घेतला पाहिजे. कडब्याची गंजी रचली म्हणजे तळाच्या पेंढ्या वरच्या भाराने दाबून घट्ट बसतात व वरच्या पेंढ्या सैल राहतात. पृथ्वीवरील हवाही तशीच आहे. समुद्रकाठी ती दाट, वर विरळ; १८,००० फुटांवर तिचा दाब निम्म्यावर येतो, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर तो समुद्रकाठच्या एकतृतीयांशच उरतो. छाती तेवढीच फुगते, परंतु प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा प्राणवायू मात्र थोडका. शरीर यावर उपाय करते. श्वास जलद होतो, व काही आठवड्यांत रक्तातील तांबडे कण वाढतात. मात्र हा उपाय सावकाशीचा आहे. आणि फार उंचावर तर तो पुरा पडतच नाही; तेथे मनुष्य दिवसेंदिवस खंगतच जातो.

त्या वर्षी २१ मे रोजी मॅलरी, नॉर्टन व सॉमरव्हेल हे तिघे प्राणवायूच्या नळ्यांवाचून सुमारे २७,००० फुटांपर्यंत पोचले. तोवर इतक्या उंचावर मनुष्याचे पाऊल पडले नव्हते. त्यांचे चौथे सोबती मोर्सहेड हिमदंशाने व थकव्याने खालीच राहिले होते. त्यांस घेऊन उतरताना एकाचा पाय घसरला व त्याच्याबरोबर आणखी दोघे ओढले गेले. मॅलरी यांनी बर्फात कुऱ्हाड रोवून तिला दोर गुंडाळला म्हणून चौघे वाचले. खालच्या तळावर आले तो स्वयंपाकाची भांडी कोणी आधीच खाली नेलेली! बर्फ वितळवून पाणी करण्याचीही सोय नाही. डब्यातील दूध व मुरंबा बर्फात कालवून त्यांनी घसा ओला केला. दुसऱ्या दिवशी चहा मिळाला तेव्हा सॉमरव्हेल सतरा पेले प्याले असे म्हणतात. वाचकांस हसू येईल. पण उंचावरच्या कोरड्या हवेत धापा टाकणाऱ्या मनुष्याच्या अंगातील पाणी श्वासावाटेच उडून जाते, आणि तहान ही त्या ठिकाणी थंडीइतकीच वैरीण आहे.

पुढे जे घडले ते हसण्याचे नव्हे. ७ जून रोजी मॅलरी, सॉमरव्हेल व क्रॉफर्ड हे चौदा हमालांसह पुन्हा वर निघाले. नुकतेच ताजे बर्फ पडले होते. एकाएकी आवाज झाला व संपूर्ण उतारच खाली सरकू लागला. पुढचे लोक बर्फात गाडले गेले तरी निसटले. मागचे नऊ हमाल साठ फुटांच्या कड्यावरून खाली गेले व त्यांच्यावर बर्फाचा लोट आला. दोघे जिवंत उकरून काढता आले. नोर्बू, ल्हाक्पा, पासांग, पेमा, सांगे, दोर्जे व तेम्बा हे सात जण गेले. एव्हरेस्टवरील मोठ्या साहेबांची नावे सर्व पुस्तकांत असतात. ही नावे फार थोड्या ठिकाणी असतात, म्हणून आम्ही ती येथे पुरी दिली आहेत. सॉमरव्हेल यांच्या मनास ही गोष्ट फार लागली. ओझी वाहणारे तेवढे मेले व आपण तिघे गोरे तेवढे उभे राहिलो, याची त्यांस लाज वाटली. आपल्यापैकीही एखादा त्यांच्याबरोबर गेला असता तर बरे झाले असते असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले.

मोहीम संपल्यावर थोडा हिंदुस्थान पाहावा म्हणून ते दक्षिणेकडे आले, आणि फिरत फिरत त्रावणकोर संस्थानच्या दक्षिण टोकाला नेय्यूर या गावी पोचले. हे गाव आता तामिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे. तेथे लंडन मिशनरी सोसायटीचे इस्पितळ होते. रोग्यांची दाटी एवढी की व्हरांडे भरलेले, आणि शस्त्रक्रिया करणारा शिकलेला डॉक्टर काय तो एकच, तोही श्रमाने मोडकळीस आलेला. सॉमरव्हेल काही दिवस तेथे राहिले व त्यांनी हाती शस्त्र घेऊन मदत केली. लंडनमध्ये त्यांच्यासाठी मानाची जागा व पुढे पैसा व नावलौकिक वाट पाहत होता. ते सगळे त्यांनी सोडले. घरी जाऊन सोसायटीकडे स्वतःस सादर केले व १९२३ साली नेय्यूरला परत आले. कोणी म्हणेल की हा डोंगरवेड्याचा लहरीपणा झाला. परंतु सोमच्या शेतात जखमी पाहिले, एव्हरेस्टच्या उतारावर हमाल पाहिले, आणि नेय्यूरच्या व्हरांड्यात रोगी पाहिले, अशा मनुष्यास प्रभूची हाक कशी ऐकू आली असेल हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

१९२४ साली एव्हरेस्टवर जाण्यासाठी त्यांस पुन्हा रजा मिळाली. या खेपेस जनरल ब्रूस वाटेत हिवतापाने आजारी पडून मागे गेले व नॉर्टन हे म्होरके झाले. आरंभच वाईट झाला. शमशेर नावाचा एक गुरखा शिपाई मेंदूत रक्त साखळून मेला. मानबहादूर नावाचा जोडे दुरुस्त करणारा कारागीर, ज्याचे दोन्ही पाय घोट्यांपर्यंत हिमदंशाने गेले होते, तो न्यूमोनियाने मेला. अशात बातमी आली की, २३,००० फुटांवरच्या तळावर चार हमाल अडकून पडले आहेत. उतारावर ताजे बर्फ, त्यामुळे खाली येण्याची त्यांची छाती होत नव्हती, व एकाचे हात हिमदंशाने बधिर झाले होते.

२४ मे रोजी नॉर्टन, मॅलरी व सॉमरव्हेल त्यांस आणावयास निघाले. सॉमरव्हेल यांचा घसा तेव्हाच सुजलेला होता व खोकल्याने त्यांस झोप येत नव्हती. तरी शेवटचा धोक्याचा आडवा उतार ओलांडण्याचे काम त्यांनीच पत्करले. दोनशे फूट दोर सोडला तरी हमालांपर्यंत काही हात अंतर उरलेच. दोघे हमाल ते अंतर एकेकटे चालून सुखरूप आले. उरलेले दोघे एकदम निघाले, आणि बर्फ त्यांच्या पायांखालून सुटले. कड्याच्या काठापासून थोड्याच अंतरावर ते कसेबसे थांबले. तेव्हा सॉमरव्हेल यांनी आपली कुऱ्हाड बर्फात खोल रोवली, कमरेचा दोर सोडून तिला गुंडाळला, त्याचे टोक एका हातात धरून ते जमेल तितके खाली वाकले, आणि दुसऱ्या हाताने एकेकाची मानगूट पकडून त्यांस वर ओढून घेतले. दोन वर्षांपूर्वीचे सात जण त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे नसतील असे आम्हांस वाटत नाही. या कामाने त्यांच्या घशाची जी हानी झाली तिची भरपाई पुढे त्यांस करावी लागली.

अकराच दिवसांनी, म्हणजे ४ जून रोजी, नॉर्टन व सॉमरव्हेल सुमारे २६,८०० फुटांवरील शेवटच्या तंबूतून सकाळी निघाले. नळीचा प्राणवायू त्यांजपाशी नव्हता. प्रत्येक पावलास सात, आठ, कधी दहा श्वास घ्यावे लागत, आणि वीस तीस पावलांवर बसावे लागे. वेगाने व उघड्या तोंडाने घेतलेली ती हवा बर्फाहून थंड आणि अत्यंत कोरडी. ती प्रत्येक श्वासाबरोबर त्यांच्या सुजलेल्या घशावरून जाई. दुपारच्या सुमारास २८,००० फुटांजवळ सॉमरव्हेल यांनी जाणले की आपण पुढे गेलो तर सोबत्यास ओझे होऊ. त्यांनी नॉर्टन यांस एकट्याने पुढे जावयास सांगितले व आपण एका खडकावर बसून त्यांचे छायाचित्र घेतले. नॉर्टन यांस एकेक वस्तू दोनदोन दिसू लागली होती. ते २८,१२६ फुटांपर्यंत जाऊन परतले. शिखर नऊशे फूट उरले. नळीच्या प्राणवायूवाचून याहून वर १९७८ सालापर्यंत कोणी गेल्याची नोंद नाही.

उतरताना सॉमरव्हेल यांच्या हातून कुऱ्हाड निसटून खाली गेली. अंधार पडू लागला. दोर सोडून नॉर्टन पुढे चालले होते. इतक्यात सॉमरव्हेल यांस खोकल्याची उबळ आली आणि घशात काही तरी सुटून आडवे बसले. श्वास आत जाईना व बाहेर येईना. हाक मारावी तर आवाज निघेना, खूण करावी तर नॉर्टन पाठमोरे. ते बर्फात बसले व आता संपले असे समजून स्वस्थ राहिले. पुढे चाललेल्या नॉर्टन यांनी एकदा मागे वळून पाहिले असता त्यांस वाटले की, मावळतीचे चित्र काढावयास आपला सोबती थांबला असेल! शेवटी, मरणापूर्वी एकवार पाहावे म्हणून, सॉमरव्हेल यांनी दोन्ही हातांनी आपली छाती सर्व बळाने दाबली. अडलेली वस्तू रक्ताबरोबर तोंडात आली. ती त्यांच्या स्वरयंत्राच्या आतल्या त्वचेची खपली होती; थंडीने ती मरून सुटली होती. वेदना पुष्कळ झाल्या, परंतु श्वास मोकळा झाला, व बऱ्याच दिवसांत आला नव्हता इतका मोकळा झाला. ते उठले आणि खाली चालू लागले. रात्री साडेनऊच्या सुमारास मॅलरी व ओडेल कंदील घेऊन त्यांस सामोरे आले. नॉर्टन यांचे डोळे बर्फाच्या चकाकीने गेले होते. दोन दिवसांहून अधिक त्यांस दिसत नव्हते.

मॅलरी यांनी यानंतर आणखी एकवार जाण्याचे ठरविले. सॉमरव्हेल यांनी आपला लहान कॅमेरा त्यांस दिला. ८ जून रोजी मॅलरी व तरुण अर्विन ढगांत दिसेनासे झाले ते पुन्हा आले नाहीत. मॅलरी यांचा देह १९९९ साली सापडला, पण त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता.

त्या वेळी जे कोडे होते ते आज डॉक्टरांनी पुष्कळ उलगडले आहे, आणि ते येथे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. कारण आपले तरुण लष्करात व मजुरीस लडाखकडे जातात. लेह येथे १८८५ सालापासून मोरेव्हियन मिशनचे काम सुरू झाले. ते शहर ११,५०० फुटांवर आहे. पूर्वी तेथे जावयास पायी कित्येक दिवस लागत व शरीर वाटेतच सरावत असे. आता विमान दिल्लीहून दीड तासाच्या आत तेथे उतरविते. डोके दुखणे, अन्नावर वासना नसणे, झोप न लागणे ही पहिली खूण होय. तिच्याकडे दुर्लक्ष करून वर चढत गेले असता दोन भयंकर प्रकार संभवतात. एकात फुप्फुसांत पाणी भरते. बसल्या जागीही धाप लागते व गुलाबी फेस पडतो. दुसऱ्यात मेंदू सुजतो. मनुष्य दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो व बेशुद्ध होतो. शमशेरचे दुखणे या दुसऱ्या जातीचे असावे असे पुष्कळांचे मत आहे. दोहोंवर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरविणे, मग रात्र असो वा दिवस. प्राणवायू व औषधे असल्यास ती द्यावीत, परंतु त्यांच्या भरवशावर वर थांबू नये. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर रोजची झोपण्याची जागा दीड हजार फुटांहून अधिक वर नेऊ नये, व तीन चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. आणि पैलवानाने असे समजू नये की हे दुखणे अशक्तांचे आहे. ते बळ पाहत नाही. बळकट तरुण घाईने चढतो म्हणून पुष्कळदा तोच प्रथम पडतो. गतवर्षी काही झाले नाही म्हणून यंदा होणार नाही असेही नाही. दुखत असता सोबत्यांपासून लपविणे हा तर मोठाच अपराध. सॉमरव्हेल यांच्यासारखा मनुष्य २८,००० फुटांवर मी थांबतो असे सांगू शकला, तर इतरांस त्यात कमीपणा कसला?

नेय्यूरला परतल्यावर सॉमरव्हेल पुन्हा कामास लागले. १९२५ साली मार्गारेट होप सिम्पसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांस तीन मुलगे झाले. त्या मुलखात आतड्याच्या तोंडाशी व्रण होण्याचे दुखणे अतोनात होते. गरीब लोक वर्षानुवर्षे पोट धरून बसत व शेवटी उपाशी मरत. सॉमरव्हेल यांनी या दुखण्यावर असंख्य शस्त्रक्रिया केल्या, व लोकांच्या आहाराशी त्याचा काय संबंध आहे याचाही शोध केला. पानतंबाखूने तोंडात होणाऱ्या कर्करोगावर ते रेडियमने उपचार करीत. रोजची शस्त्रक्रियेची यादी मोठी असे, आणि ज्या हातांनी ती होत त्यांनीच सवड मिळाली म्हणजे एव्हरेस्टची व त्रावणकोरच्या डोंगरांची रंगीत चित्रे निघत. १९३६ साली त्यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावाचाच अर्थ एव्हरेस्टनंतर असा आहे. १९३८ साली सरकारने त्यांस कैसर-ए-हिंद पदक दिले.

नेय्यूरनंतर ते वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात गेले व तेथे हिंदी तरुणांस शस्त्रवैद्यक शिकवू लागले. १९६१ साली, सत्तरी उलटल्यावर, ते मायदेशी परतले. पुढल्याच वर्षी इंग्लंडातील आल्पाइन क्लब या जुन्या गिर्यारोहक संस्थेने त्यांस अध्यक्ष केले, आणि तीन वर्षे ते त्या जागी होते. २३ जानेवारी १९७५ रोजी, ज्या डोंगरांत ते लहानपणी चढावयास शिकले त्यांच्याच कुशीत अँबलसाइड या गावी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांनी देह ठेविला.